शेवटचा भागाकार

“बाकी?” दादांनी विचारलं.

सगुणाआत्या पाटीवर वाकली होती. ओसरी माणसांनी भरली होती. शेजारचे कासार, त्यांची सून, दादांच्या शाळेतले दोन मास्तर, मागच्या गल्लीतल्या बायका. दाराशी चपलांचा ढीग झाला होता. आत देवापुढे पेढ्यांचं ताट मलमलीच्या फडक्याने झाकलेलं होतं आणि फडकं उडू नये म्हणून आईने त्याच्या कोपऱ्यांवर सुपाऱ्या ठेवल्या होत्या.

“सगुणा, बाकी किती?”

मी आत्याच्या अगदी लगत बसले होते. तिच्या पेन्सिलीचा कीस माझ्या परकरावर पडत होता. तिने एकदा भागाकार करून पुसला होता आणि आता दुसऱ्यांदा केला होता. पाटी मला सरळ दिसत होती. शेवटची ओळ होती २९९०१. तिच्याखाली वजा करायची ओळ, तीही २९९०१. एकाखाली एक, जुळ्या बहिणींसारख्या. खाली आत्याने आडवी रेघ ओढली होती आणि रेघेखाली काहीच लिहिलं नव्हतं.

तिने तळव्याने पाटी पुसली. मान वर न करता म्हणाली, “बाकी एक.”

“एक!” दादा ओरडलेच. “ऐकलंत? शेवटचीसुद्धा गेली! फुटला नाही!” त्यांनी हातातला चिंचोका तांब्याच्या तपेल्यात टाकला. तो टण्णकन वाजला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने फडकं काढलं. कासारकाकांनी एकदम दोन पेढे उचलले आणि विचारलं, “गुरुजी, पण नक्की काय झालं म्हणायचं?”

“मूळ संख्या ठरली, कासार! आपल्या पारोळ्यात, या ओसरीवर!”

“चांगलं झालं की मग,” कासारकाका म्हणाले. “मुलगी उजवल्यासारखं दिसतंय तुमचं तोंड.”

मीही पेढा खाल्ला. त्या जुळ्या ओळी मी पाहिल्या होत्या, तरी मला वाटलं, माझीच नजर चुकली असणार. आमच्या घरात शून्य दिसलं की प्रत्येकाला पहिल्यांदा हेच वाटायचं. ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

दादा म्हणजे माझे वडील, नारायण कापुरे. ते प्राथमिक शाळेत गणित शिकवायचे. आम्ही जातीने शिंपी. आजोबांचं शिवणयंत्र चुलत्यांकडे गेलं आणि दादांनी मास्तरकी धरली. ते सातवीची फायनल पास होऊन ट्रेनिंग झालेले. पुढे हायस्कूल निघालं तेव्हा तिथले पदवीवाले मास्तर त्यांना ‘पाढेवाले कापुरे’ म्हणायचे. हे दादांना ठाऊक होतं. ट्रेनिंगला असताना त्यांच्या म्हाताऱ्या मास्तरांनी निरोपाच्या दिवशी फळ्यावर एक आकडा लिहिला होता : ९९४००८९१. म्हणाले होते, “कापुरे, हा फोडून दाखव. नाही फुटला तर मला कळव.”

नऊ कोटी चौऱ्याण्णव लाख आठशे एक्क्याण्णव. आज ऐंशी उलटल्यावर मी नातवाचा वाढदिवस विसरते, पण हा आकडा विसरलेले नाही.

दादांनी वर्षानुवर्षं तो फावल्या वेळात भागून पाहिला. सातने भागा, बाकी दोन. तेराने भागा, बाकी पाच. सतराने, चार. मास्तर वारले, आकडा राहिला. मग दादांच्या मनाने घेतलं, हा फुटतच नाही. ही मूळ संख्या आहे, आणि मास्तरांनी आपल्याला ते सिद्ध करायला सांगितलं आहे. शाळेचा सुवर्णमहोत्सव दोन वर्षांवर होता. दादांनी ठरवलं, त्या दिवशी सगळ्या गावासमोर सांगायचं. त्यांनी घराला भागाकाराला बसवलं.

“एखादी संख्या दोन भाजकांत फुटली,” ते आम्हांला समजावायचे, “तर त्यातला धाकटा भाजक तिच्या वर्गमुळाच्या आतच असतो. म्हणजे वर्गमुळापर्यंत गेलं की काम झालं.” त्यांनी जुन्या पद्धतीने, दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडून वर्गमूळ काढलं. नऊ हजार नऊशे एकोणसत्तर आलं आणि वर भली मोठी बाकी उरली. दादांनी चौकटीवर खडूने ९९६९ लिहिलं. म्हणाले, “ही आपली वेस.”

या वेशीपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या शोधायच्या होत्या. ते काम आत्याने केलं. दादांनी चुलत्यांकडून मांजरपाटाचा तागा आणला आणि शिंप्याच्या निळ्या खडूने त्यावर ओळीने विषम आकडे लिहिले. आत्या दर तिसऱ्या आकड्यावर लाल टाका घालायची, मग दर पाचव्यावर, मग दर सातव्यावर. टाका पडला तो आकडा गेला. उरले ते मूळ. पट्टी लांबत लांबत माजघरातून परसदारी गेली. वाळत घातलेली पाहून पोस्टमन विचारायचा, “कुणाचं पागोटं आहे हो एवढं?”

संध्याकाळी दिवेलागण झाली, शुभंकरोती झालं, की पाट्या निघायच्या. दादा पट्टीवरचा पुढचा आकडा सांगायचे. आत्या आणि मी भागायचो. दादा स्वतः भागत नसत. ते झोपाळ्यावर बसून विचारायचे, “बाकी?” आम्ही बाकी सांगायचो आणि तपेल्यात चिंचोका पडायचा. कासारांची सून भिंतीवरून आईला विचारायची, “वहिनी, आज काय केलंत?” आई म्हणायची, “मेथी आणि चार भागाकार.” आईचं मत होतं की एवढ्या वेळात लाख वाती झाल्या असत्या, निदान पुण्य तरी पदरात पडलं असतं.

एकदा मी शून्य म्हणाले. चव्वेचाळीसशे नऊने भागत होते आणि बाकी उरलीच नाही. मला वाटलं, मी जिंकले. मी ओरडले, “दादा, शून्य!”

दादा झोपाळ्यावरून उतरले. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. “परत कर,” ते म्हणाले.

मी परत केला. घाबरून केला, पुन्हा शून्यच आलं.

“उभी राहून कर. असं आळशी शून्य नको मला. शून्य म्हणजे डोकं न चालवल्याची खूण.”

उभं राहून केल्यावर बाकी चार हजार तीनशे पंच्याण्णव आली. हातचा घ्यायला विसरले होते मी. दादांनी माझा कान सोडला आणि चिंचोका टाकला. आणखी दोन-तीनदा असं झालं, कधी माझं, एकदा आत्याचं. प्रत्येक वेळी दादा उतरायचे, प्रत्येक वेळी “परत कर”, आणि प्रत्येक वेळी शून्य खोटं ठरायचं. पुढे पुढे शून्य आलं तर आम्हीच मुकाट्याने पाटी पुसून पुन्हा सुरुवात करायला लागलो. आमच्या घरात शून्य हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे.

सगुणाआत्या दादांची धाकटी बहीण, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिला नंदुरबारला दिलेली होती, शिवणदुकानात. दोन वर्षांत नवऱ्याने तिला परत आणून घातली. एका लग्नाचे कपडे बेतताना तिने अख्खा तागा चुकीच्या मापाने कापला, असं त्याचं म्हणणं. आमच्या ओसरीवर उभा राहून तो म्हणाला होता, “हिच्या डोक्यात भुस्सा आहे. हिला वीतसुद्धा मोजता येत नाही.” आत्याने त्या दिवसापासून मोजपट्टी हातात धरली नव्हती.

भागाकाराने ती बदलली. पहिल्या महिन्यात ती बोटं मोजून हातचा धरायची. वर्षभरात माझ्या दुप्पट वेगाने भागायला लागली. दादा एकदा आईला म्हणाले, “सगुणाची बाकी मी तपासतच नाही.” आत्या चुलीपुढे होती. तिने ते ऐकलं, आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या अशा फुगल्या होत्या की विचारू नका.

सुवर्णमहोत्सव जवळ आला तेव्हा दादांनी संस्थेच्या अध्यक्षांना तिच्याबद्दल सांगितलं. मुलींच्या पहिलीच्या वर्गाला अंकलिपी आणि शिवण शिकवायला एक बाई हव्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, “गुरुजी, तुमच्या त्या आकड्याचा कार्यक्रम होऊ द्या. बाईंना स्टेजवर आणा. लोकांनी बघितलं की मला नेमायला सोपं जाईल.” आत्याने त्यासाठी निळं नऊवारी काढून ठेवलं. रोज त्याची घडी मोडायची आणि पुन्हा घालायची.

म्हणून शेवटचा भाजक, नऊ हजार नऊशे सदुसष्ट, दादांनी तिला दिला. “मान तुझा,” म्हणाले. आणि त्या संध्याकाळी ती म्हणाली, बाकी एक.

महोत्सवाला मांडव घातला होता. मी मुलींमध्ये पुढेच बसले होते, माझी वेणी आत्याने घातली होती. जळगावच्या कॉलेजातले गणिताचे तरुण प्राध्यापक, किल्लेदार, पाहुणे म्हणून आले होते. दादांनी नवा कोट घातला होता. त्यांनी फळ्यावर आकडा लिहिला, मास्तरांची गोष्ट सांगितली, वर्गमुळाची वेस सांगितली, चिंचोक्यांचं तपेलं टेबलावर ठेवलं. लोकांना गणित किती कळलं देव जाणे, पण तपेलं कळलं. टाळ्या पडल्या.

“आणि शेवटचा भागाकार,” दादा म्हणाले, “माझ्या बहिणीने केला.”

आत्या स्टेजवर गेली. अध्यक्षांच्या पत्नीने तिच्या ओटीत खण आणि नारळ घातला. टाकलेल्या बाईची ओटी गावासमोर भरली जाणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. ती पदर सावरत, नारळ दोन्ही हातांत धरून उभी राहिली, आणि मला वाटलं, माझी आत्या किती उंच आहे!

तेवढ्यात किल्लेदारांनी हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा. “गुरुजी, एक मिनिट खडू देता का?”

त्यांच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. उलट त्यांना काही तरी सुंदर दिसलं होतं आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. ते फळ्याजवळ गेले. “तुम्ही वर्गमूळ खालून काढलंत. एकोणसत्तरपाशी थांबलात आणि मोठी बाकी उरली. पण जरा वरून बघा. यात नऊ मिळवा.”

त्यांनी लिहिलं : ९९४००९००.

“हा तर पुरा वर्ग आहे. नऊ हजार नऊशे सत्तरचा. आणि मिळवलेले नऊ म्हणजे तीनचा वर्ग. वर्गातून वर्ग वजा. आठवीतली मुलंही सांगतील. बेरीज गुणिले वजाबाकी.” खडू कुरकुरला. “नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर गुणिले नऊ हजार नऊशे सदुसष्ट. वा! काय आकडा आहे! तुमच्या मास्तरांनी गंमत घातली होती, गुरुजी. एका श्वासात सुटणारा आहे हा!”

ते टाळ्यांची वाट पाहत वळले आणि मग त्यांना मांडव दिसला. हायस्कूलचे मास्तर एकमेकांना कोपर मारत होते. मागच्या मुलांत हसू फुटलं आणि पुढे पुढे सरकत आलं. कुणीतरी म्हणालं, “दोन वर्षं चिंचोके मोजले!”

दादा फळ्याकडे बघत होते. त्यांचा एक हात तपेल्याच्या काठावर होता.

“नऊ हजार नऊशे सदुसष्ट,” हायस्कूलच्या एका मास्तरांनी विचारलं, “म्हणजे तुमच्या यादीतला शेवटचाच ना हो? तो कुणी केला होता म्हणालात?”

दादांनी आत्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, “सगुणाने.” मग म्हणाले, “बायकांचा हिशेब. चुकली असेल.”

“असू द्या, असू द्या,” अध्यक्ष म्हणाले. “शिवण तर येतं ना बाईंना!” आता मात्र सगळा मांडव मोकळेपणाने हसला.

आत्याने नारळ टेबलाच्या कडेला ठेवला. तो गडगडायला लागला तेव्हा तिने पुन्हा पकडून तपेल्याला टेकवून ठेवला. मग ती पायऱ्या उतरली आणि मांडवातून सरळ चालत बाहेर गेली.

घरी आलो तेव्हा तिने चूल पेटवलेली होती. निळं नऊवारी दोरीवर होतं. आई तिच्याजवळ जाऊन बसली. दादा कोट न काढता झोपाळ्यावर बसले. झोपाळा हलत नव्हता.

मी तेरा वर्षांची होते. तोवर दादांसमोर न विचारता कधी बोलले नव्हते. पण “चुकली असेल” हे शब्द माझ्या कानात बसले होते, आणि त्या जुळ्या ओळी डोळ्यांपुढे.

“दादा, आत्या चुकली नव्हती,” मी म्हणाले. “तिचं शून्य आलं होतं. मी पाटी पाहिली होती.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग हाक मारली, “सगुणा.”

आत्या पिठाच्या हातांनी दारात आली.

“शून्य आलं होतं?”

ती बोटांवरचं पीठ झाडायला लागली.

“मी विचारतोय, आलं होतं?”

“दोनदा केला,” आत्या म्हणाली. “दोनदा आलं.”

“मग एक कशाला म्हणालीस? गावासमोर माझी... मला तोंडावर पाडायचं होतं तुला?”

“माझ्या मनात तसं असतं, तर मी त्या स्टेजवर चढले असते का, दादा?”

“मग का?”

आत्याने हात पदराला पुसले. तिचा आवाज चढला नाही. “शून्य म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, परत कर. परत शून्य आलं असतं. तुम्ही म्हणाला असता, उभी राहून कर. दारात कासार उभे, मास्तर उभे, वहिनींनी पेढे झाकून ठेवलेले. या घरात शून्य कुणाचं कधी खरं ठरलंय?” मग ती म्हणाली, “मलाच वाटलं, माझंच चुकलं असणार. भुस्साच आहे ना डोक्यात. दोन वर्षं सगळ्यांची शून्यं खोटी ठरली, मग माझंच कसं खरं असेल? मनात आलं, बाकी असायला तर हवी. मग सगळ्यांत लहान सांगितली.”

आई चुलीपाशी रडत होती. दादा उठले. मला वाटलं, आता ते आत्याला मारणार. पण त्यांनी कोनाड्यातली आत्याची पाटी घेतली आणि जमिनीवर मांडी घालून बसले. नव्या कोटासकट. आम्ही दोन वर्षांत त्यांना खाली बसून भागताना पाहिलं नव्हतं. आकडा लिहिताना त्यांची पेन्सिल दोनदा मोडली. नऊचा भाग लागला, पुन्हा नऊचा, मग सातचा, मग तीनचा. २९९०१. खाली २९९०१. त्यांनी रेघ ओढली. रेघेखाली शून्य काढलं, मोठं, मुलं काढतात तसं.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. ते पाटीला म्हणाले की आत्याला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटी काखेत मारून ते शाळेला निघाले. पाटीवर भागाकार तसाच होता. आईने म्हटलं, “अहो, पिशवीत तरी घाला.” त्यांनी ऐकलं नाही. बाजारातून, कासारांच्या दुकानावरून, पारावर बसलेल्या लोकांपुढून ते ती पाटी घेऊन चालत गेले. आत्याला त्यांनी चल म्हटलं होतं. ती म्हणाली, “मी नाही येत. कालच एवढी माणसं पाहिली.”

मी त्यांच्या मागे बरंच अंतर ठेवून चालत होते, जशी दुसऱ्याच कुणाची मुलगी.

प्रार्थना संपली आणि दादा ओट्यावर चढले. हेडमास्तर खाकरले. दादा म्हणाले, “काल मी गावासमोर एक वाक्य बोललो. ते खोटं होतं. माझ्या बहिणीचा भागाकार बरोबर आला होता. हा बघा.” आणि त्यांनी पाटी वर केली असणार, कारण मुलांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “शून्य!” आणि मग सगळीकडून, “शून्य! शून्य!”

“तिचं शून्य खरं होतं,” दादांचा आवाज आला. “ते बोलायची तिला भीती वाटावी, असा मी वागलो. चूक तिची नाही. माझी आहे.”

माझ्या शेजारची मुलगी फिसकन हसली आणि मला विचारलं, “तुझेच ना गं?” मी खाली पाहत होते. माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं आणि त्याच्याजवळून एक मुंगी साखरेचा दाणा ओढत नेत होती. ती मुंगी मला आजही दिसते. ती रांगेच्या टोकापर्यंत पोचली तेव्हा घंटा झाली आणि आम्ही वर्गात गेलो.

त्याने आत्याचं काही भलं झालं नाही. अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे बाई चुकल्या नाहीत, खोटं बोलल्या. मग तर मुलींपुढे उभं करणं अवघडच.” नेमणूक दुसऱ्या कुणाची झाली. दादांनी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या काजं करत होती. दोरा दातांनी तोडून म्हणाली, “मूर्ख ठरले होते तेच बरं होतं, दादा. मूर्ख बाईला निदान कुणी जाब विचारत नाही.” मग त्यांचा चेहरा बघून म्हणाली, “बसा. चहा टाकते.”

पाट्या पुन्हा निघाल्या नाहीत. आईने ते चिंचोके भाजून दळले आणि त्यांची खळ करून वर्षभर साड्यांना दिली. मांजरपाटाची पट्टी फाडून आत्याने पोलकं शिवलं, आतल्या बाजूला लाल टाके ठेवून. ती पोटापुरतं शिवत राहिली, आणि मोजपट्टी मात्र पुन्हा हातात घेतली. पुढे गावातल्या सगळ्या मुलींची लग्नाची पोलकी तिच्याकडे यायची. एकही कधी उसवावं लागलं नाही.

दादा मी संसारात असताना गेले. त्या दिवसाबद्दल त्यांच्याशी माझं कधी बोलणं झालं नाही. पुष्कळदा मनात यायचं, की त्यांना सांगावं. पण काय सांगायचं होतं, ते तेव्हा मला स्वतःलाच कळत नव्हतं.

ते कळलं खूप उशिरा. आत्या तेव्हा नव्वदीला टेकली होती, माझ्या चुलतभावाकडे धुळ्याला असायची. मोतीबिंदूने दृष्टी गेलेली. मी उशाशी बसून संत्र्याच्या फोडी सोलून देत होते. ती एक फोड बोटांत धरून थांबली.

“वेणे, एक विचारायचं राहिलंय गं. तू तिथं होतीस म्हणून.”

“कुठं, आत्या?”

“शाळेत. दादाने पाटी वर धरली तेव्हा.” दादा जाऊन इतकी वर्षं झाली होती, ती आता त्यांना अरेतुरे करायची. “मी गेले नाही ना. राग होता माझा. नंतर फार वाटलं, जायला हवं होतं. माझ्यासाठी उभा राहिलेला तो एकटाच माणूस, आणि तोही मी पाहिला नाही. कसा दिसत होता गं? मान वर होती की खाली?”

मी फोडीवरचे दोरे काढत राहिले. माझ्यापाशी एक काळं नख होतं आणि एक मुंगी. दुसरं काहीच नव्हतं. माझ्या बापाने आयुष्यात जी एकच गोष्ट मान वर करून बघावी अशी केली, त्या वेळी मी त्याची मुलगी असल्याची लाज वाटून जमिनीकडे बघत होते. आणि आता एक आंधळी बाई माझे डोळे मागत होती.

“वर होती,” मी म्हणाले. “अगदी ताठ.”

“आणि हात? कापत होता?”

“नाही. जराही हलला नाही. सगळ्यांना दिसेल अशी धरली होती पाटी.”

आत्याने फोड तोंडात टाकली नाही, बशीत परत ठेवली. मग चाचपत माझा हात शोधला, तो उलटा करून तळवा वर केला, आणि पाटी पुसावी तसा आपला तळवा त्यावरून फिरवला.

“बाकी एक,” ती म्हणाली.